पाकिटावरचं नाव

दादरच्या एका मराठी शाळेत मी कारकून आहे. गेली सव्वीस वर्षं माझं मुख्य काम नावं तपासण्याचं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच, असे कागद घेऊन पालक माझ्या खिडकीशी येतात आणि मी ते परत पाठवते. माझ्याबद्दल शाळेत फार प्रेमानं बोललं जातं असं नाही. एका वडिलांनी तर मला तोंडावर विचारलं होतं, बाई, तुम्हाला काना-मात्रा मोजायचा पगार मिळतो का? मी म्हटलं, हो, आणि तुमच्या अर्जात दोन कमी आहेत.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला खिडकीतून चांगलं सुनावलं असतं.

माझ्या गळ्यात गाठ निघाली. ती कॅन्सरची होती. ती काढली, आणि आज सकाळी गोळी घेऊन, तासभर थांबून, चहा पिऊन मी हे लिहायला बसले आहे. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर मालतीताई होत्या, लालबागला त्यांचं मसाल्याचं दुकान आहे. त्यांनी मला बजावलं की तुला लिहिता येतं तर लिही, माझ्यासारख्या बाया रिपोर्ट हातात धरून बसतात आणि त्यांना नीट सांगणारं कुणी नसतं. म्हणून लिहिते. डॉक्टरकी यात फारशी नाही, तेवढी मला कळतही नाही.

०००

मला दोन नावं आहेत. माहेरची मी सुलभा गणपत परब. डिलाईल रोडच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत होते. लग्न होऊन भोईवाड्यात आले तेव्हा, आमच्यात करतात तसं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. त्यांचं नाव अनिल, म्हणून मी अनिता. अनिता अनिल राऊळ. त्या दिवसापासून सासरी सुलभा हे नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, माझ्या सगळ्या मैत्रिणींचं असंच झालं होतं.

पण नोकरी मला लग्नाच्या दोन वर्षं आधी लागली होती. त्यामुळे सेवापुस्तक, पगार, पॅनकार्ड सगळं परब. रेशनकार्ड, आधार, मतदारयादी सगळं राऊळ. पालकांना मी उठता-बसता सांगते, गॅझेट करून घ्या, नाव एक करा. स्वतःचं गॅझेट मी चोवीस वर्षांत केलं नाही. त्याऐवजी एक पद्धत लावून घेतली होती. परबचे कागद शाळेतल्या माझ्या कपाटात, राऊळचे कागद घरच्या कपाटात. कधी घोळ झाला नाही. मला त्या पद्धतीचा थोडा अभिमानसुद्धा होता.

०००

नोव्हेंबरात शाळेत कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य शिबिर झालं. रक्त घेतलं, वजन केलं. मग एका तरुण डॉक्टर मुलीनं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि घोट घ्यायला सांगितलं. मी घोट घेतला, ती गळ्याकडे बघत राहिली. अजून एक घोट. मग तिनं दोन बोटं लावून बघितलं आणि हे कधीपासून आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, काय? रोज सकाळी आरशासमोर मी मंगळसूत्र सरळ करते. त्याच्याच वर, घोटाबरोबर वरखाली होणारी सुपारीएवढी गाठ मला दिसली नव्हती. दुसऱ्यांच्या कागदावरचा टिंबाचा फरक मला लांबून दिसतो.

तिनं परळच्या एका तपासणी केंद्रासाठी चिठ्ठी दिली, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी. चिठ्ठीवर नाव शाळेच्या यादीतून उतरवलेलं, सुलभा गणपत परब. फोन नंबर शाळेचा. तो फोन दिवाळीपासून बंद होता आणि त्याबद्दलचे दोन तक्रार अर्ज मीच टाईप केले होते.

डिसेंबरात अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटीच गेले. ज्यांना त्या सुईची धास्ती आहे त्यांना सांगते, ती इंजेक्शनपेक्षा जास्त दुखत नाही. सुई आत असताना गिळू नका म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं, अवघड एवढंच. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. पावती परबच्या नावाची होती, म्हणून ती सवयीनं शाळेच्या कपाटात गेली.

दरम्यान शिबिरातल्या रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच नॉर्मल. घरात एकदम हलकं वाटलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. माझी मुलगी ऋतुजा, ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं की आईचा थायरॉईड नॉर्मल आहे. बावीस जणांनी अंगठे पाठवले.

सुईचा रिपोर्ट आणायला अनिल गेले, त्यांचं ऑफिस तिथून जवळ आहे. दोनदा गेले. अनिता राऊळ नावाचं आमच्याकडे काही नाही, असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं. आले तसे सांगायला लागले की काही गंभीर असतं तर त्यांनी फोन केलाच असता. मी मान डोलावली. पावती कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला तो रिपोर्ट नकोच होता. नॉर्मल हा शब्द घरात आलेला होता आणि मला तो पुरत होता.

आता मला जे कळतं ते सांगून ठेवते. थायरॉईडची ग्रंथी तिचं काम नीट करते आहे की नाही, एवढंच ते रक्त सांगतं. गाठ कसली आहे, ते सांगत नाही. मूल रोज शाळेत येतं हे हजेरीपटावरून कळतं, त्याच्या दप्तरात काय आहे ते कळत नाही, तसंच. गळ्यात गाठ पुष्कळ जणींना असते आणि बहुतेक गाठी काही करत नाहीत, तशाच पडून राहतात. म्हणून गाठ म्हटल्यावर हातपाय गाळू नका. पण ती कुठल्या जातीची, हे सोनोग्राफी आणि सुई सांगते. रक्त नॉर्मल आलं म्हणून सुईचा रिपोर्ट आणायचा राहू देऊ नका. मालतीताईंनी हे एवढं मला तीन वेळा सांगायला लावलं होतं.

०००

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन खिडकीशी आली. मुलीची शिष्यवृत्ती अडकली होती. शाळेत आईचं नाव माहेरचं लागलेलं, बँकेत सासरचं. मी नेहमीचं सांगितलं, ॲफिडेव्हिट करा, गॅझेट करा, मग या. ती भांडली नाही. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "बाई, कागदावर दोघी असतील. मी एकच आहे हो."

मी तिला बाकावर बसायला सांगितलं. ॲफिडेव्हिटचा एक कोरा नमुना माझ्या स्वतःच्या फायलीत होता, कधीतरी करू म्हणून ठेवलेला. तो काढायला कपाट उघडलं, तर त्याच्या खाली ती पिवळी पावती. इतरांचे कागद वाचते तशी मी ती वाचली. नाव, तारीख, शिक्का. आणि अनिल दोनदा तिथे कुठलं नाव घेऊन गेले होते ते मला कळलं.

त्या बाईला नमुना दिला. तिच्यामागे चारजण होते, त्यांची कामं केली. शाळा सुटल्यावर बस पकडून परळला गेले. खिडकीतल्या माणसानं पावती बघितली, मागच्या खोक्यात बोटं फिरवली आणि लगेच पाकीट काढलं. चार महिने पडलंय मॅडम, आम्ही फोन लावत होतो, म्हणाला. पाकिटावर माझं नाव टाईप केलेलं होतं. नावात एकही चूक नव्हती.

फुटपाथवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी उभं राहून मी ते फोडलं. या रिपोर्टला पायऱ्या असतात. दुसरी म्हणजे निर्धास्त राहा, सहावी म्हणजे नक्की कॅन्सर. मधल्या तिसरी-चौथीवाल्यांना पुन्हा तपासण्या कराव्या लागतात, आणि तिथे अडकलेल्यांचे हाल मी वॉर्डात पाहिले. माझी पाचवी होती. दाट संशय.

मला काहीच वाटलं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. दातांच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं अंगभर झालं. गुऱ्हाळवाला बघत होता म्हणून एक ग्लास रस घेतला. वाटेत मेथीच्या तीन जुड्या घेतल्या, ज्यांची घरी गरज नव्हती. घरी येऊन मेथी निवडली. सगळी निवडून झाल्यावर अनिलना पाकीट दिलं आणि म्हटलं, केंद्रवाल्यांनी उशीर केला.

खोटं बोलले. त्यांनी तांदळात लिहिलेल्या नावानं हा कागद चार महिने अडवून धरला, हे त्यांना कळू नये असं मला वाटलं. त्यांचा राग आला नव्हता असंही नाही. आला होता. पण राग धरायलाही जोर लागतो, तो नव्हता.

०००

परळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई साधारण माझ्याच वयाच्या. भराभरा बोलायच्या. दुसऱ्या बाजूलाही दोन बारक्या गाठी होत्या, त्यामुळे ग्रंथी पूर्ण काढायची, मग जन्मभर रोज सकाळी एक गोळी. अनिल झेरॉक्स काढायला गेले तेव्हा मी घाईनं विचारलं की हा रिपोर्ट डिसेंबरचा आहे, चार महिन्यांनी काय बिघडलं असेल? त्या म्हणाल्या, हा सावकाश जाणारा प्रकार आहे, चार महिन्यांनी फारसा फरक पडू नये. मग सोनोग्राफीचा फोटो उजेडात धरून म्हणाल्या, "पण मानेतली ही एक लिम्फची गाठ मला आवडत नाही. ग्रंथीच्या बाहेर पडला आहे की नाही, ते काढून तपासल्यावरच कळेल."

म्हणजे ते चार महिने मोजले जाणार की नाहीत, हे त्या एका गाठीवर होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एवढंच राहिलं. जगणं-मरणं वगैरे मोठं काही नाही. ती गाठ कोरी निघावी, म्हणजे अनिलना काही सांगावं लागणार नाही.

मग डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. केसपेपर आधारवरून केलेला, अनिता राऊळ. सुईचा रिपोर्ट सुलभा परब. एका बाईच्या रिपोर्टवर मी दुसऱ्या बाईचा गळा कसा कापू, म्हणाल्या, ॲफिडेव्हिट आणा. मला त्यांचं वागणं पटलं. मीही हेच म्हटलं असतं.

पुढचे दहा दिवस फोन येत राहिले. प्रत्येकीच्या ओळखीत कुणालातरी थायरॉईड होता. अगं, थायरॉईड काय, सगळ्यांनाच असतो आजकाल, गोळी घ्यायची आणि वजन सांभाळायचं. मी सगळ्यांना हो म्हणत होते. ऋतुजा बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, तिला वाटायचं ऐकू येत नाही. बाहेर आली की मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. हात फिरायचा, आत काही हलायचं नाही. आई म्हणून मी कुठेतरी कमी पडते आहे एवढं समजत होतं, पण त्याचंही वाईट वाटेना.

०००

ॲफिडेव्हिट कुठे करायचं हे मला विचारायला नको. भोईवाडा कोर्टाच्या बाहेर टाइपवाले बसतात, मी पालकांना तिथेच पाठवते. पूर्वी त्यांच्याकडे टाइपरायटर होते, आता ताडपत्रीखाली कॉम्प्युटर आणि प्रिंटर. आम्ही दोघं लाकडी बाकावर बसलो. टाइपवाल्यानं सुईचा रिपोर्ट सोबत जोडायचा म्हणून मागून घेतला, आणि मजकूर टाईप करता करता मोठ्यानं वाचायला लागला. सुलभा गणपत परब आणि अनिता अनिल राऊळ या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती व्यक्ती मीच आहे. रिपोर्ट दिनांक म्हणून त्यानं डिसेंबरची तारीख वाचली.

अनिलनी त्याच्या हातातून रिपोर्ट घेतला. नीट बघितला.

"डिसेंबरात मी गेलो होतो," ते म्हणाले. "दोनदा."

"हो."

"अनिता राऊळ म्हणून विचारलं मी."

"हो."

मी पुढचं सगळं तयार ठेवलं होतं. सावकाश जाणारा प्रकार आहे, डॉक्टर म्हणाल्या फरक पडत नाही, पावती माझ्या कपाटात होती, चूक माझी आहे. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. टाइपवाल्यानं विचारलं, साहेब, मॅडमचं पहिलं नाव आधी टाकू की नंतरचं? अनिल उठले आणि पलीकडच्या पाणपोईवर जाऊन उभे राहिले. मीच सांगितलं, पहिलं आधी टाका.

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं बंद केलं. अगं, ऐक, इकडे ये, एवढंच. चोवीस वर्षं दिवसातून वीस वेळा अनिता, अनिता करणारा माणूस. सासूबाईंच्याही ते लक्षात आलं. भांडलात का, म्हणून त्यांनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हटलं.

०००

हॉस्पिटलात मनगटावर पट्टी बांधली, त्यावर लिहिलं होतं अनिता अनिल राऊळ ऊर्फ सुलभा गणपत परब. ऊर्फ हा शब्द मी फरारी आरोपींच्या नावापुढे वाचलेला. मालतीताईंना दाखवला तर त्या टाके सांभाळत हसल्या. त्यांचं ऑपरेशन दोन दिवस आधी झालं होतं. त्यांच्या पिशवीतून, कपड्यांतून मसाल्याचा वास यायचा आणि सगळ्या वॉर्डाला भूक लागायची.

वॉर्डाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी चादरी, मग बीपी, मग डॉक्टरांचा घोळका, मग दुपारचं वरणभात, मग भेटायची वेळ. ज्यांचं डोकं चालत नाही त्यांना हे बरं असतं. कुणीतरी सांगतं आणि आपण करायचं. मंगळसूत्र काढून ऋतुजाकडे दिलं, तेव्हाही मला एवढंच दिसलं की तिनं ते रुमालात गुंडाळताना रुमालाची टोकं सरळ जुळवली. माझी सवय तिच्यात उतरली आहे.

भूल उतरली तेव्हा पहिल्यांदा सिस्टरनं बोटांना मुंग्या येतात का विचारलं. येत होत्या. ग्रंथी काढल्यावर कॅल्शियम उतरतं, त्यानं असं होतं, ते सलाइनमधून देतात, घाबरू नका. मग तिनं नाव सांगायला सांगितलं, आवाज तपासायला. आवाजाची नस ग्रंथीला चिकटून जाते, ती दुखावते कधी कधी. मी तोंड उघडलं, नुसती हवा आली. दोन-तीन महिन्यांत येईल, म्हणाल्या डॉक्टर. कारकुनाला आवाज लागत नाही असं मी कागदावर लिहून दाखवलं. अनिल ते वाचून खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी माझी आई आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डिलाईल रोडवरून एकटी टॅक्सी करून. खाटेच्या कडेवर बसली, माझे पाय चेपायला लागली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "सुलू, तू बोलू नको गो. माका सगळा समाजता." आणि तासभर पाय चेपत बसली. तिला नेमकं काय समजलं होतं देव जाणे, पण त्या तासात मला झोप लागली.

घरी आल्यावरची एक गोष्ट सांगायलाच हवी. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि मग तासभर काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरात, डोळे उघडले की त्यांना चहा लागतो. पहिल्या सकाळी मी गोळी घेऊन बसले तर त्या समोर येऊन बसल्या. मी खुणेनं विचारलं, आई, चहा? म्हणाल्या, तुझा तास होऊ दे, मग दोघी घेऊ. तेव्हापासून रोज त्या घड्याळाकडे बघत बसतात. मी कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

०००

काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट दहा दिवसांनी मिळाला. त्यात काय होतं ते इथेच सांगून टाकते, कारण हे वाचणारं कुणीतरी तेवढ्यासाठीच इथवर आलं असेल. गाठ कॅन्सरचीच होती. मानेतल्या सात लिम्फ गाठी काढल्या होत्या, त्यांतल्या एकीत तो पोहोचला होता. तीच, डॉक्टरांना न आवडलेली. मग मला किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला, त्यासाठी काही दिवस घरच्यांपासून वेगळं राहावं लागलं. त्यानंतरचा स्कॅन कोरा आला. आता दर सहा महिन्यांनी जायचं. आवाज बराचसा परत आला आहे, फक्त वरच्या पट्टीत जात नाही, आणि त्यामुळे पालक मला हल्ली कमी घाबरतात.

तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा अनिलनी विचारलं की ती एक गाठ डिसेंबरात कोरी असती का? बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "असती किंवा नसती. ते आता कुणालाच सांगता येणार नाही." नाही असं म्हणाल्या असत्या तर मला आवडलं असतं. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. घरी येताना मी अनिलना, जेवढा आवाज होता तेवढ्यात सांगितलं की पावती माझ्या कपाटात होती, अर्धी चूक माझी. ते नाही म्हणाले. तो हिशेब आमच्यात अजून सुटलेला नाही, आणि तो सुटेल असं मला वाटतही नाही.

पण त्या दिवशी सकाळी, रिपोर्ट हातात यायच्या आधी, जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहीत आले आहे.

हॉस्पिटलात रिपोर्टच्या खिडकीपाशी खूप माणसं होती. मला धक्का लागू नये म्हणून अनिलनी मला लांब, खांबामागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः रांगेत गेले. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. तिच्यात पावती, केसपेपर, आधार, पॅन, ॲफिडेव्हिटच्या तीन प्रती. रात्रीपासून त्यांनी ती दोनदा लावली होती, मी पालकांना लावायला सांगते त्या क्रमानं. त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं पावती न बघताच नाव विचारलं.

"सुलभा गणपत परब," अनिल म्हणाले.

चोवीस वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते सावकाश म्हटलं, प्रत्येक शब्द वेगळा करून. माणूस शोधायला लागला. अनिल वाकून पुढे सांगत होते, "नाही सापडलं तर अनिता अनिल राऊळ बघा. दोन्हीकडे बघा. बाई एकच आहे." माणसानं विचारलं, पेशंट आलाय का सोबत? अनिल वळले. गर्दीत त्यांना मी दिसेना, मधे खांब होता.

आणि त्यांनी हाक मारली. अगं नाही, ऐक नाही. भर गर्दीत, मोठ्यानं, सुलभा.

दोन-तीन बायकांनी वळून बघितलं. मी ओ द्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा हाक मारली, आता आवाजात घाबरल्यासारखं काहीतरी होतं. मग मी बाकावरून उठले, खांबाच्या बाजूला सरकले, आणि हजेरी घेताना मुलं करतात तसा हात वर केला. तेव्हा मला रडू आलं. एप्रिलपासून पहिल्यांदा आलं, आणि ते थांबेना. समोरचं सगळं धूसर झालं, अनिल कुठे आहेत तेही कळेना, पण त्यांना मी दिसेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.